ताऱ्यांपलीकडचं टपाल : रीच पडणार, हे ठाऊक असताना

मागच्या अंकात 'हेलो : द फॉल ऑफ रीच' या एरिक नायलंडच्या कादंबरीवर अर्धं पान लिहिलं होतं. व्हिडिओ गेमवर बेतलेली इंग्रजी कादंबरी, विषय परग्रहवासीयांशी युद्ध, नावातला रीच म्हणजे माणसांचा लष्करी किल्ला असलेला ग्रह, मुखपृष्ठावर कवच चढवलेला सैनिक. जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलेल्या बाईने असलं काही कशाला वाचावं, असा सूर दोन-तीन पत्रांत आहे. त्याला उत्तर इतकंच, की भाचा पुस्तक आमच्या घरी विसरून गेला आणि मी ते संपवूनच परत केलं. गेम मात्र मला खेळता येत नाही. दोन अंगठे एकाच वेळी दोन कामांना जुंपणं या वयात जमत नाही. बाकीच्या पत्रांकडे वळते.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. अवांतर वाचन शून्य, पण ही कादंबरी त्याने दोनदा वाचली. तुमचा लेख वाचून मीही चाळली, तर त्यात सहा वर्षांची मुलं पळवून नेतात! काढून घेऊ का? आणि गेमवरच्या पुस्तकाला वाचन म्हणायचं का? (एक आई, सातारा)

उत्तर : काढून घेऊ नका. तुम्ही नेमका पुस्तकाचा कणाच चाळलात.

साल २५१७. डॉ. कॅथरीन हॅल्सी नावाची शास्त्रज्ञ एका शाळेच्या मैदानावर जाते. जॉन नावाच्या सहा वर्षांच्या मुलापुढे नाणं उडवते आणि छापा की काटा विचारते. मुलगा ते हवेतच पकडतो आणि बरोबर उत्तर देतो. एवढ्याशा खेळात त्याचं आयुष्य ठरतं. अशी पंचाहत्तर मुलं पळवली जातात. आईवडिलांना कळू नये म्हणून प्रत्येकाच्या जागी घाईघाईने वाढवलेली हुबेहूब प्रतिकृती ठेवतात. त्या प्रतिकृती आजारी पडून मरतात आणि आईबाप आपलंच मूल गेलं म्हणून रडतात. तुमच्या पोटात गोळा आला असेल, तर लेखकाला तोच आणायचा होता.

आता खरी मेख. हे सगळं परग्रहवासीयांशी लढण्यासाठी नसतं. २५१७ साली त्यांचा कुणाला पत्ताच नाही. डोक्यावर टांगलेलं युद्ध असतं ते माणसामाणसांतलं. दूरच्या वसाहती बंड करतील, यादवी माजेल असं हॅल्सीचं भाकीत आहे आणि ही मुलं आपल्याच लोकांचं बंड मोडायला घडवली जातायत. २५२५ मध्ये हार्वेस्ट या ग्रहावर कव्हेनंट नावाच्या परक्या जमातींच्या आघाडीशी गाठ पडते आणि सगळा हिशेबच बदलतो. ज्या युद्धाची धास्ती होती ते बाजूला राहतं, भलतंच दारात येतं. आणि आपल्याच माणसांवर सोडायला तयार केलेली मुलं मानवजातीचे तारणहार ठरतात. गुन्हा तोच, पण शत्रू बदलल्यामुळे तो दूरदृष्टी म्हणून खपतो. हॅल्सी बरोबर होती की चूक, यावर नायलंड निकाल देत नाही. मला ते आवडलं. तिच्या मनातली टोचणी मात्र त्याने फार थोडक्यात उरकली, तिथे आणखी दहा पानं हवी होती.

वाचनाचं म्हणाल, तर गेममध्ये हा जॉन, म्हणजे 'मास्टर चीफ', शिरस्त्राण काढून चेहरासुद्धा दाखवत नाही. त्याला बालपण मिळालं ते या पुस्तकात. प्रशिक्षणातला घंटेचा प्रसंग मुलाला वाचून दाखवायला सांगा. मैदानावरचा अडथळ्यांचा खेळ, वर टांगलेली घंटा, आणि जी तुकडी शेवटी येईल तिला जेवण नाही. जॉन आपल्या दोन जोडीदारांना मागे टाकून धावतो, सर्वांत आधी घंटा वाजवतो आणि तरी उपाशी राहतो, कारण त्याची तुकडी शेवटी आलेली असते. पुढे चौदाव्या वर्षी त्या सगळ्यांवर शरीर पालटणाऱ्या शस्त्रक्रिया होतात. पंचाहत्तरांपैकी तीस मरतात, बारा कायमचे जायबंदी होतात. उरलेल्या तेहतीस जणांचं पुढे गेममध्ये कौतुक. हे दोनदा वाचलेल्या मुलाला एवढंच विचारा, 'हॅल्सीच्या जागी तू असतास तर?' फक्त तोंडी परीक्षेच्या सुरात विचारू नका, पुस्तक मिटून निघून जाईल.

प्रश्न : पुस्तकाच्या नावातच रीच पडतो. गेम खेळलेल्यांना तर सगळंच माहीत. मग वाचायचं काय? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : पानिपतावर काय झालं, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तरी १४ जानेवारी १७६१ची सकाळ जवळ येते तशी आपण पानं सावकाश उलटतो. भाऊ हत्तीवरून उतरू नये, असं दर वेळी वाटतंच. शेवट माहीत असला की वाचकाचं लक्ष 'काय' वरून 'कशामुळे' वर जातं.

आणि इथला 'कशामुळे' चांगला रचलाय. मानवांकडे कोल प्रोटोकॉल नावाचा कडक नियम आहे. शत्रू दिसला की कुठल्याही जहाजाने थेट पृथ्वीकडे किंवा मोठ्या वसाहतीकडे पळायचं नाही, आधी भलत्याच दिशेला उडी मारायची. जहाज शत्रूच्या हाती लागणार असेल, तर त्यातले नकाशे आणि संगणकी मेंदू नष्ट करायचा. घरचा पत्ता लपवणं हाच बचाव. इतका साधा, हिशेबी नियम अवकाशकथांत क्वचित सापडतो. सगळी प्रगत शस्त्रं बाजूला ठेवून लेखक इथे पाठलाग करणाऱ्याला चकवणाऱ्या माणसासारखा विचार करतो.

ज्यांना पुस्तक वाचायचंय त्यांनी पुढची पाच वाक्यं सोडावीत. सिग्मा ऑक्टेनसच्या लढाईत कीज नावाचा कमांडर अफलातून डाव टाकून जिंकतो. हा तोच कीज, जो तरुणपणी हॅल्सीबरोबर त्या शाळेच्या मैदानावर गेलेला असतो. त्याचा उदोउदो होतो, तो जहाज घेऊन रीचला परततो. शत्रूने त्याच जहाजाच्या अंगाला माग काढणारं एक छोटं यंत्र चिकटवलेलं असतं. नियम अक्षरशः पाळूनही पत्ता फुटतो, तोही विजयी वीराच्या हातून, आणि मग तीनशेहून जास्त शत्रूची जहाजं रीचवर चालून येतात.

प्रश्न : मॅडम, मी अकरावी सायन्सला आहे. रीच ज्या ताऱ्याभोवती फिरतो तो खरा आहे का? दिसतो का? आणि असं युद्ध होऊ शकेल? (एक विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर : तारा अगदी खरा. एप्सिलॉन एरिडानी, आपल्यापासून साधारण साडेदहा प्रकाशवर्षं. जानेवारीच्या मध्यावर रात्री आठच्या सुमारास गावाबाहेर जा. मृग नक्षत्रातला ठळक निळसर राजन्य शोध आणि तिथून पश्चिमेकडे सरळ नजर ने. दक्षिणेच्या आकाशात बऱ्यापैकी उंचावर तिसऱ्या-चौथ्या प्रतीचा मिणमिणता तारा दिसेल, तोच. शहराच्या उजेडात नाद सोड. किनाऱ्यावर दिवे नसतील तिथे आरामात दिसतो.

रीच मात्र कल्पनेतला. नायलंड त्यावर जंगलं, डोंगर आणि लष्करी तळ उभे करतो. पण हा तारा कोवळा आहे, वय शंभर कोटी वर्षांच्याही आत. आपली पृथ्वी त्या वयाची असताना इथे झाडं सोड, गवताचं पातंही नव्हतं. कादंबरीतलं जंगल माणसांनी लावलं असं मी मनाशी धरलं आणि पुढे गेले.

या ताऱ्याची दुसरी गोष्ट मला कादंबरीपेक्षाही प्यारी आहे. एप्रिल १९६० मध्ये फ्रँक ड्रेकने अमेरिकेतल्या ग्रीन बँक इथली २६ मीटरची रेडिओ दुर्बीण दोनच ताऱ्यांकडे रोखली आणि परग्रहावरून कुणी बोलतंय का हे ऐकलं. एक टाऊ सेटी, दुसरा हाच. ऐकलं ते २१ सेंटीमीटर तरंगलांबीवर, म्हणजे हायड्रोजनच्या खुणेवर. तीच खूण आपल्या नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीणही टिपते. शाळेची सहल न्यायला सांग. ४५ मीटर व्यासाच्या त्या तबकड्या शेताच्या बांधावरून पाहणं हा वेगळाच अनुभव आहे. ड्रेकला तिथून काही ऐकू आलं नाही. कादंबरीकाराने त्याच ताऱ्यावर मानवजातीचा सर्वांत मोठा लष्करी किल्ला बांधला.

युद्धाचं गणित तूच कर. व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटरने जातं. त्या वेगाने साडेदहा प्रकाशवर्षांना एक लाख ऐंशी हजारांहून अधिक वर्षं लागतात. प्रकाशाच्या वेगाने साधा निरोप धाडला तरी जाऊन-येऊन एकवीस वर्षं. 'हल्ला झालाय, मदत पाठवा' हे ऐकून उत्तर देईपर्यंत सेनापती निवृत्त झालेला असेल. म्हणून लेखक 'स्लिपस्पेस' नावाची आडवाट काढतो. ती मान्य केल्यावर बाकीचं बरंच सांभाळतो. कीजचा तो डाव ग्रहाच्या गुरुत्वाकर्षणाचा वळसा घेऊन टाकलेला आहे. फक्त एक लक्षात ठेव, ग्रहाच्या संदर्भात पाहिलं तर जवळ जाताना मिळालेला वेग दूर जाताना परत द्यावा लागतो. फुकट मिळतो तो दिशेतला बदल.

प्रश्न : २०१० साली आलेल्या 'हेलो : रीच' या गेममध्ये लढाई कितीतरी दिवस चालते आणि 'पिलर ऑफ ऑटम' हे जहाज ग्रहावर उभं असतं. पुस्तकात लढाई झटपट आटोपते आणि जहाज अवकाशात असतं. खरं काय मानायचं? (एक गेमर, पुणे)

उत्तर : कंपनी म्हणेल ते. पुस्तक आलं ऑक्टोबर २००१च्या अखेरीस, पहिला गेम १५ नोव्हेंबरला. म्हणजे हा इतिहास आधी कादंबरीत घडला आणि नऊ वर्षांनी गेमने त्यावरून नांगर फिरवला. २०१० मध्ये कादंबरी नव्याने छापली ती डागडुजी करूनच. अशा पुस्तकांचं नशीबच तसं. 'स्टार वॉर्स'च्या जुन्या कादंबऱ्यांचं सगळं विश्व २०१४ मध्ये मालकांनी 'दंतकथा' म्हणून एका फटक्यात बाजूला काढलं. पण त्याच कादंबऱ्यांत टिमथी झानने राजधानीच्या ग्रहाला दिलेलं 'कोरुसांट' हे नाव सिनेमाने उचललं होतं, ते राहिलं. 'स्टार ट्रेक'मधल्या सुलूचं 'हिकारू' हे नावही आधी १९८१च्या एका कादंबरीत आलं, पडद्यावर दहा वर्षांनी. मी स्वतः रीचच्या बाबतीत पुस्तकाच्या बाजूने आहे. झटपट पडलेला किल्ला मला जास्त भीतीदायक वाटतो.

प्रश्न : ही कादंबरी म्हणे सात आठवड्यांत लिहिली. कंपनीच्या ऑर्डरवर सात आठवड्यांत लिहिलेलं साहित्य असतं का? (एक निवृत्त मुख्याध्यापक, मुंबई)

उत्तर : सर, संपादकाचा तगादा नसता तर मराठीतल्या निम्म्या दिवाळी अंकांतल्या कथा लिहिल्याच गेल्या नसत्या. घाई दिसते, हे कबूल. मधल्या लढाया एकसारख्या वाटतात, दुय्यम सैनिकांची नावं मला मागे जाऊन पाहावी लागली. सुरुवातीचा एक तृतीयांश भाग मात्र घाईत लिहिल्यासारखा वाटत नाही.

प्रश्न : मास्टर चीफ लोणारला उतरतो अशी कथा लिहिली आहे. दिवाळी अंकाला पाठवू का? (बारावीतली एक वाचक, बुलढाणा)

उत्तर : पाठवू नकोस. मास्टर चीफवर मायक्रोसॉफ्टची मालकी आहे, अंकाचे संपादक हात लावणार नाहीत. पण उल्केने पडलेलं लोणारचं विवर कुणाच्या मालकीचं नाही आणि तुझ्या घराजवळ आहे. चीफला काढ, तुझ्या गावातली एखादी मुलगी घाल, कथा पुन्हा लिही आणि मराठी विज्ञान परिषदेकडे कथास्पर्धेची चौकशी कर. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी त्याच परिषदेच्या स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने कथा पाठवली होती. नाव पाहून कुणी बक्षीस देऊ नये म्हणून. बक्षीस मिळालंच. तू मात्र स्वतःच्याच नावाने पाठव आणि एक प्रत मला.