हौद्यात मावलेला कॅम्पर आणि आरसी बुकात न मावणारे वजन

प्रश्न : कोथरूड येथील एका वाचकाने स्वतःच्या खासगी नोंदणीच्या डबल कॅब पिकअपसाठी, मागच्या हौद्यात सरकवून बसवायचा आणि हवा तेव्हा उतरवून ठेवता येणारा कॅम्पर, म्हणजे प्रवासात राहण्या-झोपण्याची छोटी खोली, सव्वासहा लाख रुपयांना विकत घेतला. खरेदीपूर्वी त्यांनी आरसी बुकाचा फोटो विक्रेत्याला व्हॉट्सॲपवर पाठवला होता आणि ‘तुमच्या गाडीला अगदी फिट बसेल’ असे उत्तर त्यांना मिळाले होते. ताम्हिणी घाटात गाडीचे तोंड हलके झाले, स्टिअरिंग सैल लागू लागले आणि हेडलाइटचा झोत झाडांच्या शेंड्यांवर जाऊ लागला. परतल्यावर वजनकाट्यावर गाडी 2,810 किलो भरली. आरसी बुकात भारासह कमाल एकूण वजन 2,510 किलो नोंदलेले आहे. विक्रेता पैसे परत करण्यास तयार नाही, मात्र मागच्या स्प्रिंगमध्ये दोन जादा पाटे फुकट टाकून देण्याची त्याची तयारी आहे. ते मान्य करावे का?

उत्तर : मान्य करू नये. पाटे वाढवल्याने गाडीचा मागचा भाग वर उचलला जाईल, परंतु आरसी बुकातील 2,510 हा आकडा त्याने एका किलोनेही वाढत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 113 नुसार नोंदलेल्या एकूण वजनापेक्षा जास्त भार असलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही, आणि कलम 194 मध्ये त्यासाठी 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये, अशी तरतूद आहे. शिवाय उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत परवानगीविना बदल केल्यास कलम 52 आड येते आणि कलम 182अ नुसार त्याची शिक्षा वाहनमालकाला भोगावी लागते. आज चूक विक्रेत्याची आहे. पाटे टाकून घेतलेत तर त्या चुकीत आपला हात लागेल, आणि उद्या अपघात झाल्यास विमा कंपनी नेमके तेच बोट दाखवील.

आपली बाजू किती भक्कम आहे, ते आपल्याच कागदांतून दिसते. आरसी बुकात रिकामे वजन 1,975 किलो आहे, म्हणजे गाडीत टाकण्यास 535 किलोच उरतात. कायद्यातील ‘रिकामे वजन’ या व्याख्येत चालकाचे वजन धरलेले नसते, त्यामुळे आपण आणि सोबतची व्यक्ती, दोघेही या 535 मध्येच मोजले जाता. माहितीपत्रकात कॅम्परचे वजन 430 किलो छापले आहे. ते कोरडे, म्हणजे पाणी न भरता धरलेले वजन आहे. त्यात 90 लिटरची भरलेली पाण्याची टाकी आणि आपल्या दोघांचे 140 किलो मिळवले की 660 किलो होतात. म्हणजे विक्रेत्याचाच आकडा खरा धरला, तरी सामानाची एक पिशवीही न ठेवता मर्यादा 125 किलोंनी ओलांडली जाते. हौद्याची लांबी-रुंदी जुळली म्हणजे गाडी जुळली, असा समज अनेकांचा असतो, आणि ग्राहकाला तो असणे मी समजू शकतो. परंतु ज्याचा व्यवसायच हा आहे त्याने आरसी बुक हाती असताना ही बेरीज न करणे मला अक्षम्य वाटते.

माल विक्री कायदा, 1930 चे कलम 16 नेमके अशाच प्रसंगासाठी आहे : खरेदीचा विशिष्ट हेतू ग्राहकाने विक्रेत्याला कळवला असेल, त्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला असेल आणि तसा माल पुरवणे हा विक्रेत्याचा व्यवसाय असेल, तर तो माल त्या हेतूला योग्य असण्याची अट करारात गृहीत धरली जाते. माल ताब्यात घेऊन वापरला, म्हणून तो आता परत करता येत नाही, असा मुद्दा विक्रेता काढील. म्हणून केवळ या कायद्यावर न थांबता ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली तक्रार करावी, कारण कलम 39 नुसार ग्राहक आयोग किंमत व्याजासह परत करण्याचा आदेश देऊ शकतो. आपण पुण्यात राहत असल्याने विक्रेता कुठलाही असला, तरी पुण्याच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार चालते. मुदत दोन वर्षांची आहे, आणि या रकमेला शुल्क अवघे 200 रुपये आहे.

त्याआधी कॅम्पर उतरवून गाडी रिकामी, नंतर पाण्याची टाकी रिकामी ठेवून कॅम्परसह, असे दोनदा वजन करावे आणि दोन्ही काटा पावत्यांवर गाडीचा नंबर, तारीख व वेळ छापून घ्यावी. शक्य असल्यास फक्त मागची चाके काट्यावर घेऊन त्या आसावरील भारही नोंदवून घ्यावा. व्हॉट्सॲपवरील संभाषण फोनमधून पुसू नये, कारण भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 नुसार लागणाऱ्या प्रमाणपत्रासह ते पुरावा म्हणून दाखल करता येते. त्यानंतर नोंदणीकृत टपालाने पंधरा दिवसांची नोटीस द्यावी आणि कॅम्पर परत नेऊन पूर्ण किंमत देण्याची मागणी करावी. निकाल लागेपर्यंत कॅम्पर त्याच्या जॅकवर उभा राहू द्यावा, हौद्याचा काढलेला फाळका पुन्हा बसवावा, आणि त्या पिकअपच्या चासीला कोणालाही भोक पाडू देऊ नये.