ऑफिससाठी व्हॅक्युम क्लीनर घेताना

अनेक आशीर्वाद,

ऑफिससाठी व्हॅक्युम क्लीनर निवडायचं काम तुझ्याकडे आलंय आणि तू मला तीन मॉडेलचे स्क्रीनशॉट पाठवलेस. बघितले मी ते. तिन्हीत तू गोल केलाय तो वॅटच्या आकड्याला. पण वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं ते, धूळ किती ओढतं ते नाही. युरोपात सप्टेंबर २०१७ पासून साध्या व्हॅक्युमला ९०० वॅटच्या आत राहावं लागतं, तरी तिथे सफाई नीट होतेच ना.

त्याच नियमात एक आकडा आहे जो मला जास्त कामाचा वाटतो, मोटर किमान ५०० तास चालली पाहिजे असा. आता बघ, घरात आठवड्याला एक तास वापरलं तर ५०० तास साडेनऊ वर्षं पुरतात. तुझ्या ऑफिसात रोज दोन तास, वर्षाचे २५० दिवस धर, झाले ५०० एका वर्षात. किमान आहे हे, बऱ्याच मोटरी जास्त टिकतात, पण घरासाठी बनवलेलं मशीन ऑफिसात का दमतं ते यातून कळतं. मी माझ्या ऑफिसला पहिल्यांदा स्वस्त पडतंय म्हणून घरगुतीच घेतलं होतं, आठ महिन्यांत मोटर जळाली आणि वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरात लिहिलेलं, फक्त घरगुती वापरासाठी. तेव्हा ते कार्ड आधी वाच, मशीन नंतर बघ.

मग दुसरं घेतलं ते चांगलं दणकट कमर्शियल. आणि ते महिनोन्महिने स्टोअररूममध्ये पडून राहिलं, सफाईच्या मावशी आपल्या झाडूनेच केर काढायच्या. मला वाटलं सवय नाही म्हणून. शेवटी एकदा शांतपणे विचारलं तर म्हणाल्या, साहेब, ते उचलून दोन जिने चढायचे, वायर पुरत नाही म्हणून दर दहा पावलांवर प्लग काढायचा, आणि नळी आखूड म्हणून वाकून वाकून कंबर जाते. सगळं खरं होतं आणि यातलं एकही मी विकत घेताना विचारलं नव्हतं. ते माझ्या मनाला आजही लागतं. म्हणून तुला कळकळीने सांगतो, जे रोज चालवणार आहेत त्यांना आधी विचार. वजन, चाकं, वायरची लांबी (मोठ्या हॉलला १०-१५ मीटर तरी हवी), दांडा त्यांच्या उंचीला लावता येतो का, टेबलाखाली तोंड जातं का. सक्शनचे, म्हणजे ओढण्याच्या ताकदीचे आकडे यानंतर.

तुला माहितीये का, हातात धरून चालवायचा विजेचा व्हॅक्युम ज्या जेम्स स्पँगलरने १९०८ मध्ये पेटंट केला तो एका दुकानात सफाईचंच काम करायचा. झाडताना उडणाऱ्या धुळीने त्याला दम्याचा त्रास व्हायचा, म्हणून त्याने पंख्याची मोटर आणि उशीचा अभ्रा वापरून स्वतःच मशीन जोडलं.

धुळीवरून आठवलं, ओढलेली हवा मागून बाहेर पडते तिचं काय होतं ते बघ. फिल्टर साधा असेल तर बारीक धूळ परत खोलीतच, आणि दिवसभर एसीत बसलेली माणसं तीच श्वासात घेणार. हेपा म्हणजे बारीक धूळ अडवणारा खास फिल्टर, त्यातला एच १३ दर्जा असेल तर अगदी बारीक कणही ९९.९५ टक्के अडतात, पण झाकणाचं रबर ढिलं असेल तर हवा फिल्टरला वळसा घालून निघून जाते, तेव्हा डेमोला झाकणाच्या कडेला हात लावून बघ. धूळ डब्याऐवजी बदलायच्या बॅगेत जमते तो, बॅगवालाच घे म्हणेन मी. बॅगचा खर्च चालू राहतो हे मान्य, पण डबा झटकताना सगळी धूळ मावशींच्या तोंडावर येते ते मला चालत नाही. बॅग आणि फिल्टर पुढे सहज मिळतील ना, तेही विचारून ठेव.

प्रिंटरचा टोनर सांडला तर या मशीनने ओढायचा नाही, इतकी बारीक पावडर साध्या फिल्टरमधून निघून खोलीभर पसरते, त्याचे वेगळे व्हॅक्युम असतात. पाणी तर नाहीच, पँट्रीत सांडलवंड होत असेल तर पाणीही ओढणारा वेट अँड ड्रायच घ्यावा लागेल.

आणि आवाज. लोक गेल्यावर सफाई होत असेल तर सोड, पण कामाच्या वेळेत होणार असेल तर डेसिबल नक्की बघ, कारण १० डेसिबल वाढले की कानाला साधारण दुप्पट वाटतं, ६५ आणि ७५ कागदावर जवळजवळ दिसतात पण तसे नसतात.

तर आता ऑर्डर थांबव, दोन मॉडेलचा डेमो मागव, मावशींना अर्धा-अर्धा तास चालवू दे, जिना चढून उतरून, आणि त्या काय म्हणतात ते मला त्यांच्याच शब्दांत लिहून पाठव.