बादलीभर चेंडू आणि एकच स्टिक

प्रश्न : आमची वरुड तालुक्यात संत्र्याची बाग आहे. मुलगा नववीत आहे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोकला खेळताना पाहिलं तेव्हापासून गोल्फचं नाव घेतो. मामा शहरात राहतात, त्यांच्या घराजवळ ड्रायव्हिंग रेंज आहे. आमच्यासारख्यांनी तिथं जावं का? सामान विकत घ्यावं लागेल का? तिथं करतात तरी काय?
– एक वाचक, वरुड

उत्तर : भाऊ, पोराला न्या. ‘आमच्यासारख्यांनी’ हा शब्द तेवढा घरी ठेवून जा. मी काटोलकडे शाळेत खेळ शिकवायचो. पहिल्यांदा रेंजवर गेलो तेव्हा आत जायचा धीर होईना, अर्धा तास फाटकाबाहेर उभा होतो. त्या अर्ध्या तासाची हळहळ अजून वाटते, म्हणून इतकं आग्रहानं लिहितोय.

विकत काही घेऊ नका. रेंजवर एका ओळीत मॅट अंथरलेल्या असतात, समोर मोकळं मैदान आणि त्यात अंतराच्या पाट्या. बादलीच्या हिशेबानं चेंडू मिळतात, ते मॅटवरून समोर मारायचे. आदल्या दिवशी फोन करून बादलीचा भाव विचारा, आणि पोराच्या उंचीची स्टिक भाड्यानं मिळेल का तेही. डावखुरा असेल तर आधीच सांगा, डाव्या हाताच्या स्टिक थोड्याच असतात. कॉलरचा टी-शर्ट आणि साधे बूट पुरे.

स्टिक एकच मागा, सेव्हन आयर्न. पोरं ‘ड्रायव्हर’ नावाच्या स्टिककडे धावतात, कारण चेंडू त्यानं सगळ्यात लांब जातो. पण त्याचा दांडा सगळ्यात लांब आणि तोंड, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, जवळजवळ उभं असतं, नवख्याचा चेंडू भलतीकडेच वळतो. सेव्हन आयर्नच्या तोंडाला तीसेक अंशांचा उतार असतो. चेंडू वर चढवायचं काम तो उतारच करतो, आपण उचलायला गेलो की फटका बिघडलाच.

आपल्या पोरांची खरी अडचण इथंच आहे. त्यांच्या हातांना कुदळीची आणि क्रिकेटची सवय. कुदळ हाताच्या जोरावर वरून खाली येते, क्रिकेटमध्ये उंच मारायचं तर बॅट चेंडूखाली घालायची. गोल्फमध्ये आधी कण्याभोवती खांदे फिरतात, हात त्यांच्या मागून येतात. मूठ किती आवळायची? संत्रं तोडताना जेवढं दाबता तेवढीच. ताकद लागतच नाही. गोल्फचा चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा असतो, क्रिकेटचा लेदर बॉल त्याच्या तिपटीहून जड. पहिले दहा-पंधरा चेंडू स्टिक कमरेपर्यंतच मागे नेऊन मारू द्या. एकामागून एक मारत सुटला तर बादली रिकामी होते, हाती काही लागत नाही. प्रत्येक फटक्यानंतर त्यानं मॅटवरून मागे यावं, चेंडू कुठं गेला ते बघावं, मगच दुसरा ठेवावा.

तुम्ही मात्र त्याच्या बाजूला उभे राहू नका, मागे चांगले चार-पाच पावलं थांबा. मॅटपुढे पडलेला चेंडू किंवा टी, म्हणजे चेंडू ठेवायची छोटी खुंटी, उचलायला कुणीच जायचं नाही, शेजारचा मारत असतो. उन्हाळ्यात सकाळीच जा. आभाळ गडगडलं तर स्टिक टाकून आत या, वीज काय करते हे शेतात राबणाऱ्यांना मी सांगायला नको. आणि रेंजचा चेंडू खिशात घालून आणू नका.

घरी आल्यावरचा सराव मला रेंजइतकाच मोलाचा वाटतो. कुणाची जुनी आयर्न मिळाली तर मोकळ्या वावरात चुन्याची रेघ ओढा. रेघ दोन्ही पायांच्या मधे येईल असं पोराला उभं करा आणि चेंडूशिवाय स्टिक फिरवू द्या. मातीला ओरखडा रेघेवर किंवा तिच्या पुढं, म्हणजे चेंडू जायचा त्या बाजूला पडला पाहिजे. मागं पडला तर तो अजून उचलायलाच बघतोय. खरा चेंडू बागेत मारू देऊ नका, डोक्याला लागला तर फार वाईट.

पटिंगला, म्हणजे चेंडू जमिनीवरून हळूच गब्बीत ढकलायला, तर सारवलेलं अंगणही चालेल. गोल्फची गब्बी १०८ मिलिमीटरची, म्हणजे सव्वाचार इंचांची. तेवढं वर्तुळ खडूनं काढा. टोकियोत अदिती चौथी आली, पदक एका फटक्यानं हुकलं. बाकीच्या तिच्याहून लांब मारत होत्या, ती त्यांच्या बरोबरीनं टिकली ती पटिंगवर.

महिनाभर रेघ ओढून बघा आणि ओरखडा कुठं पडतो ते मला कळवा.