नाशिकहून सहा महिने थायलंडला राहून इथलीच नोकरी करायची आहे; काय तयारी लागेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंपनी पुण्याची, काम नाशिकच्या घरून, आणि सहा महिने थायलंडला राहून तेच काम चालू ठेवायचं. व्हिसा, कर आणि पैशांचं काय?

व्हिसाच्या आधी कंपनीचं पत्र मिळवा. बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. मॅनेजर तोंडी हो म्हणाला, एवढ्यावर तिकीट काढू नका. लेटरहेडवर सहीशिक्क्यासह पत्र हवं. त्यात हुद्दा, पगार, रुजू झाल्याची तारीख आणि भारताबाहेरून काम करायला परवानगी असल्याचं स्पष्ट वाक्य पाहिजे. हेच पत्र पुढे व्हिसालाही जोडायचं असतं. कंपनीच्या आयटीवाल्यांनाही देश आणि तारखा आधीच कळवा. बऱ्याच ठिकाणी परदेशातून लॉगिन दिसलं की खातं आपोआप बंद होतं. व्हीपीएन लावून ‘नाशिकलाच आहे’ असं भासवायचा सल्ला कुणी दिला तर कानाआड करा.

व्हिसा डीटीव्ही, म्हणजे डेस्टिनेशन थायलंड व्हिसा. तो जुलै २०२४ पासून मिळतो. मुदत ५ वर्षं आणि दर प्रवेशाला १८० दिवस राहता येतं. वय किमान २० हवं आणि खात्यात ५ लाख बाट, म्हणजे दरानुसार साधारण १३ ते १५ लाख रुपये, दाखवावे लागतात. ही रक्कम खर्चायची नसते, फक्त दिसायला हवी. पण अर्जाच्या आदल्या आठवड्यात काकांकडून उसनी आणून भरलेली रक्कम स्टेटमेंटमध्ये लगेच उठून दिसते. काही महिने आधीपासून बचत खात्यात शिल्लक राहू द्या. अर्ज थायलंडच्या अधिकृत ई-व्हिसा साइटवर, भारतात असतानाच करायचा. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या थाई वाणिज्य दूतावासाकडे जातात. फॉर्म स्वतः भरता येतो, एजंटला पैसे देण्यासारखं त्यात काही नाही. या व्हिसावर थाई कंपनीचं किंवा थाई ग्राहकाचं काम मात्र चालत नाही. पासपोर्टची मुदत किमान ६ महिने शिल्लक हवी. (तो पासपोर्ट छापला जातो आपल्याच नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, हे जाता जाता.)

आता तारखा. इथे जरा बोटांवर मोजून हिशेब करा. थायलंडमध्ये एका कॅलेंडर वर्षात, म्हणजे जानेवारी ते डिसेंबर, १८० दिवस भरले की तुम्ही तिथले कर-रहिवासी ठरता, आणि २०२४ पासून बाहेर कमावून तिथे आणलेल्या पैशावर कराचा प्रश्न येतो. आपल्याकडे मोजणी एप्रिल ते मार्च चालते आणि १८२ दिवस भारतात असलात की तुम्ही इथले रहिवासी. म्हणून १ ऑक्टोबरला पोहोचा. ३१ डिसेंबरपर्यंत ९२ दिवस होतात आणि १८०वा दिवस २९ मार्चला येतो. तिथल्या दोन वर्षांत ९२ आणि ८८ असे दिवस विभागले जातात, दोन्हीकडे १८० च्या खाली. एप्रिल ते सप्टेंबरचे १८३ दिवस तुम्ही भारतात असल्याने इथलं रहिवासीपण टिकतं. पगार पुण्याहून इथल्याच खात्यात येणार, टीडीएस नेहमीसारखा कापला जाणार. बाहेर बसलात म्हणून इथला कर सुटत नाही.

फक्त उत्तरेकडच्या चियांग माई शहरात राहणार असाल तर फेब्रुवारीत तिथून निघा. तिथे शेतं आणि जंगलं जाळण्याच्या धुराचा मोसम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. त्या वेळी दक्षिणेच्या किनाऱ्यावरच्या फुकेत, क्राबीची हवा कोरडी आणि चांगली असते. वेळेचा त्रास नाही: थायलंड दीड तास पुढे, म्हणजे इथली १० ते ७ ची ड्यूटी तिथे साडेअकरा ते साडेआठ.

खरी डोकेदुखी ओटीपीची. भारतीय सिममध्ये इंटरनॅशनल रोमिंग इथूनच चालू करून घ्या, डेटा रोमिंग बंद ठेवा, रिचार्जची मुदत संपू देऊ नका आणि थाई नंबर ई-सिमवर घ्या. निघण्याआधी फोन बदलू नका. यूपीआयचं अ‍ॅप नव्या फोनवर पुन्हा नोंदवताना त्याच सिमवरून एसएमएस जावा लागतो आणि परदेशातून तो अनेकदा जातच नाही. कार्डाचा परदेशातला वापर बँकेच्या अ‍ॅपमध्ये मुद्दाम चालू करावा लागतो. तिथल्या एटीएमला परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाटच्या आसपास कापले जातात, म्हणून एकदाच मोठी रक्कम काढा. स्क्रीनवर ‘रुपयांत रूपांतर करू का’ असं आलं तर नाही म्हणा. तो दर कायम महाग असतो.

थायलंडला उतरण्याआधीच्या ३ दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड (प्रवेशाचा फॉर्म) ऑनलाइन भरा, ते मोफत असतं. घरमालकाने तुमची नोंद २४ तासांत टीएम-३० वर, म्हणजे परदेशी माणूस राहायला आल्याचं इमिग्रेशनला कळवायच्या फॉर्मवर, करायची असते. केली का ते विचारा, कारण पुढे इमिग्रेशनमध्ये तीच पावती मागतात. सलग ९० दिवस राहिलात तर पत्ता कळवावा लागतो: मुदतीच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत.

स्कूटर घेणार असाल तर पेठ रोडच्या आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढा. तुमच्या लायसन्सवर दुचाकीचा वर्ग नसेल तर अपघातात विमा कंपनी हात वर करते. प्रवास विम्याची मुदतही बघा, अनेक पॉलिसी १८० दिवसांवर थांबतात. लॅपटॉपची जाड तीन पिनांची वायर तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही, तेव्हा अ‍ॅडॉप्टर इथेच एम. जी. रोडवरून घेऊन ठेवा.