अंदमानातले बाण, जहाजाचं भंगार आणि तुमचे प्रश्न

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अंदमानला गेलो होतो. सेल्युलर जेल बघितलं, कोठड्या बघून आईला तर रडूच आलं. दुसऱ्या दिवशी मानववंशशास्त्राचं म्युझियम बघितलं, तिथे तिथल्या आदिवासींचे बाण आहेत आणि त्यातल्या काहींना चक्क लोखंडी पाती आहेत. आमचा गाईड मात्र सांगत होता की या लोकांना धातू माहीतच नाही. मग ही पाती आली कुठून? भट्टी लावतात का हे लोक?
– एक वाचक, सातारा

उत्तर : गाईडचं चुकलं. भट्टी नाही, खाण नाही, लोहारकामाचा भाता नाही हे खरं, पण लोखंड त्यांना चांगलं माहितीये आणि ते पिढ्यानपिढ्या वापरतायत. ते आलं समुद्रातून. अंदमानच्या बेटांभोवती प्रवाळाचे खडक आहेत, त्यांच्यावर जहाजं आपटून फुटायची, आणि फुटलेल्या जहाजात खिळे, पट्ट्या, पिंपांची कडी, साखळ्या असं सगळं असतंच, ते काढून आणायचं आणि त्याची पाती करायची, एवढं सरळ आहे ते.

हे किती जुनं आहे बघा. १८६७ साली 'निनेव्हे' नावाचं जहाज अंदमानातल्याच नॉर्थ सेंटिनल बेटाच्या खडकावर फुटलं, त्यावर शंभरावर माणसं होती, ती किनाऱ्यावर उतरली आणि काही दिवसांतच बेटावरच्या लोकांनी त्यांच्यावर हल्ला केला. वाचलेल्या कप्तानाने नंतर सांगितलं की त्यांच्या बाणांना लोखंडाची टोकं दिसत होती. म्हणजे ज्या लोकांशी बाहेरच्या कुणाचा धड संबंध आलेला नव्हता त्यांच्याकडे तेव्हाच लोखंड होतं! आणि अलीकडचं म्हणाल तर २ ऑगस्ट १९८१ ला 'प्रिमरोझ' हे मालवाहू जहाज वादळात त्याच बेटाच्या खडकावर जाऊन रुतलं. खलाशांना डेकवरून किनाऱ्यावर जमलेली माणसं दिसत होती, हातात भाले, धनुष्यबाण, घाबरून त्यांनी वायरलेसवरून मदत मागितली आणि शेवटी हेलिकॉप्टरने त्यांना उचललं. पुढे ते जहाज भंगारात काढायला जे लोक गेले त्यांनी सांगितलं की बेटावरची माणसं ओहोटीच्या वेळी होडीतून यायची आणि लोखंडाचे छोटे तुकडे घेऊन जायची. त्याआधी १९७७ मध्येही एक जहाज तिथे रुतलं होतं, तेही त्यांनी सोडलं नाही. प्रिमरोझचा सांगाडा आजही सॅटेलाइट फोटोत दिसतो.

जारवा ही अंदमानातलीच दुसरी आदिवासी जमात, त्यांची गोष्ट थोडी वेगळी. ते मोठ्या बेटांवर, त्यामुळे त्यांना लोखंड वस्त्यांमधून आणि जंगलातल्या कॅम्पमधूनही मिळायचं, रात्री येऊन भांडी, कोयते, लोखंडी तुकडे उचलून न्यायचे, त्यावरून मारामाऱ्या झाल्या, दोन्हीकडची माणसं मेली. त्यांच्या भाषेत धनुष्याला 'आओ' म्हणतात, बाणाला 'पाथो', आणि शिकारीला जाताना छातीवर सालीचं एक जाड कवच बांधतात ते 'केकाड'. लोखंड मिळायच्या आधी अंदमानी लोक शिंपल्याची, हाडाची, लाकडाची टोकं करायचे. लोखंड हातात आल्यावर ते कशासाठी चांगलं हे त्यांनी स्वतःच ओळखलं, कुणी जाऊन शिकवलेलं नाही, आणि म्हणून 'त्यांना काही माहीत नाही' असं कुणी म्हटलं की मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : मी आयटीआय फिटर आहे, कंपनीत बावीस वर्षं झाली. मागे एका कार्यक्रमात ऐकलं की अंदमानचे लोक लोखंड न तापवता ठोकून बाणाचं टोक करतात. थंड लोखंड ठोकलं तर तडकणार नाही का? आणि धार कशी टिकणार?
– पिंपरी-चिंचवडहून

उत्तर : तुम्हाला अर्धं उत्तर माहितीच आहे. जहाजाचा पत्रा, पट्टी, खिळा हे सगळं बहुतेक माइल्ड स्टील, जुन्या जहाजात तर ठोकीव लोखंड, दोन्हीत कार्बन कमी, म्हणून मऊ. असं लोखंड थंडच दगडावर ठेवून दगडाने ठोकलं तरी पसरतं. आणि ठोकता ठोकता ते कडक होत जातं, तुम्ही वर्क हार्डनिंग म्हणता ना, तेच. हातालाच कळतं ते, आधी घाव बसला की पट्टी मऊ दबते, मग हळूहळू घाव उलटून यायला लागतो, आवाज टणक होतो, आणि तरी ठोकत राहिलं की कडेला केसासारख्या चिरा पडतात. तिथे थांबायचं असतं. ती सवयीची गोष्ट आहे, त्याला मीटर नाही.

फायदा असा की कडा सगळ्यात जास्त ठोकली जाते म्हणून कडाच सगळ्यात कडक होते, म्हणजे धार जिथे पाहिजे तिथेच. मग खरबरीत दगडावर घासून घासून आकार. नॉर्थ सेंटिनलच्या शिकारीच्या बाणाचं पातं पानासारखं लांबट गोल असतं, मागच्या बाजूला वळलेले काटे असतात म्हणजे घुसलं की निघत नाही. माशांच्या बाणाला मात्र पुढे दोन-तीन टोकं असतात. आणि ज्याला पातंच नाही असेही बाण असतात, ते नुसते इशारा द्यायला मारतात असं बघणाऱ्यांनी लिहिलंय.

पण मला सगळ्यात भारी वाटतो तो ग्रेट अंदमानी या तिथल्या आणखी एका आदिवासी समाजाचा, डुकराच्या शिकारीचा बाण, ब्रिटिश अधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात त्याचं बारीक वर्णन केलंय. लोखंडी पातं एका आखूड लाकडी तुकड्याला दोरीने घट्ट बांधलेलं, तो तुकडा मुख्य दांड्याच्या टोकात नुसता खोचलेला, आणि दोघांना जोडणारी एक दोरी. डुकराला बाण लागला की ते पळतं, पात्याचा तुकडा दांड्यातून सुटतो, दोरी उलगडते आणि मागे फरफटणारा दांडा झुडपात, वेलींत अडकतो, की डुक्कर जागच्या जागी. घनदाट जंगलात जखमी जनावर हातचं जाऊ नये म्हणून केवढा विचार केलाय बघा! पातं एवढंसं, भंगाराचं, पण बाकीची सगळी रचना त्या जंगलासाठी बनवलेली.

प्रश्न : जानेवारीत आम्ही बाराटांगला जाणार आहोत, रस्ता जारवांच्या जंगलातून जातो. लोखंडी पट्ट्या, खिळे दिले तर ते बदल्यात बाण देतील का? शोकेसमध्ये ठेवायला हवाय.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नका करू, प्लीज. १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण नियमावलीने त्या भागात शिरणं, त्यांच्याशी देवघेव करणं बेकायदा आहे, २०१२ मध्ये शिक्षाही वाढवली. गाड्या पोलिसांच्या ताफ्यातून जातात, थांबायचं नाही, फोटो नाही, बिस्किटं नाहीत. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, १९९९ आणि २००६ मध्ये जारवांमध्ये गोवराची साथ आली होती, अवघ्या काहीशे माणसांच्या समाजात अशी साथ म्हणजे काय हे सांगायला नको. बाण बघायचाय तर म्युझियममध्ये काचेआड निवांत बघा, दोरी कशी गुंडाळलीय ते जवळ जाऊन बघा.

प्रश्न : आमच्याकडे भिल्ल बांधव तीर-कामठा वापरायचे, अजूनही घरात असतो. मुलगा म्हणतो जुन्या हॅक्सॉ ब्लेडची टोकं करून शेतातली रानडुकरं मारू. मका पार झोपवलाय त्यांनी. करता येईल का?
– एक शेतकरी, नंदुरबार

उत्तर : तुमचं नुकसान खरं आहे, पण हे करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीचा नुसता प्रयत्नही गुन्हा आहे, मग बंदूक असो की तीर. उपद्रवी डुकरासाठी वनखात्याची परवानगी घ्यावी लागते आणि पीक नुकसानीची भरपाईही वनखात्याकडूनच मिळते. मका लोळलेला दिसला की त्याच दिवशी फोटो काढा, वनरक्षकाला कळवा आणि पंचनामा करून घ्या, उशीर झाला की अर्ज अडतो.

ब्लेडचं म्हणाल तर ती कडक आणि ठिसूळ असते, थंड ठोकलीत तर काचेसारखी तुटून तुकडा डोळ्यात जाईल. अंदमानवाल्यांचं मऊ लोखंड वेगळं. आपल्याकडे सातपुड्यात भिल्लांच्या बाणाची फाळं लोहार भट्टीत लाल करून घडवतो आणि कामठ्याची दोरीसुद्धा बांबूच्या चिवटीची असते, ते काम मुलाला शिकायचं असेल तर गावातल्या जुन्या लोहाराकडे बसवा. आणि नेम धरायचाच असेल तर गवताच्या पेंढीवर धरू द्या, मागे मातीचा बांध असेल अशा जागी, गुरं-माणसं जात नाहीत तिकडे.