जुळ्या कोकरांचं जनुक : वाचकांचे प्रश्न

‘नारी सुवर्णा’ मेंढ्यांना जुळी होतात ती औषधाने का? आमची दख्खनी एकाच कोकरावर थांबते.

औषध नाही, जनुक आहे. सुंदरबनातल्या गॅरोल या लहानखुऱ्या मेंढीतलं ‘फेकबी’ जनुक फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनीत आणलं, तीच ही ‘नारी सुवर्णा’.

बीजांड जिच्यात वाढतं ती पाण्याने भरलेली पिशवी म्हणजे पुटिका. दर माजाला अशा कित्येक पुटिका वाढू लागतात. त्यांतली एक पुढे सरकते, तिच्या संप्रेरकामुळे मेंदूकडून येणारं एफएसएच (पुटिका वाढवणारं संप्रेरक) कमी होतं आणि मागे राहिलेल्या सुकून जातात. फेकबीवाल्या मेंढीत मात्र पुटिका लहान असतानाच पिकते. दोन्हींचे बीजांडकोश शेजारी ठेवून बघा : दख्खनीची पिकलेली पुटिका वाटाण्याएवढी, हिची ज्वारीच्या दाण्याएवढी. लहान पुटिकेचं संप्रेरकही थोडंच. त्यामुळे दोन-तीन पिकेपर्यंत एफएसएच पुरतं आणि तितकी बीजांडं सुटतात.

या जनुकाचा नर घेतला, तर माझ्या मेंढ्या यंदा जुळी देतील?

नाही. बीजांडं किती सुटायची हे मेंढीच्या अंगातलं जनुक ठरवतं, नराचं नव्हे. फायदा दिसेल तो त्याच्या लेकींत. नरात जनुकाची एक प्रत असेल तर साधारण निम्म्या लेकींना मिळेल, दोन असतील तर सगळ्यांना. नर नुसता बघून हे कळत नाही, म्हणून पैसे मोजण्याआधी रक्ताच्या डीएनए तपासणीचा कागद मागाच.

दोन प्रती असलेली मेंढी जास्त चांगली ना?

चरणीवरच्या कळपाला मी एकच प्रत सुचवेन. मेंढीला सड दोन. तिळी झाली की तिसरं कोकरू बाटलीवर जगवावं लागतं.

माझ्या सासरी जुळी आहेत. मलाही होतील का? (एक वाचक भगिनी)

ताई, इथेही तोच न्याय. वेगवेगळ्या बीजांडांची जुळी तुमच्या बीजांडकोशावर ठरतात, म्हणून तुमच्या माहेरी कोणाला जुळी आहेत ते बघा. सासरचा वारसा तुमच्या मुलीत उतरू शकतो. बायकांमध्ये अशा जुळ्यांशी जोडलेली डीएनएमधली दोन ठिकाणं २०१६ मध्ये सापडली. त्यांतलं एक एफएसएच बनवणाऱ्या जनुकाजवळच आहे.

पुटिका वाढवणारं आणखी एक जनुक म्हणजे बीएमपी१५. न्यूझीलंडच्या इन्व्हरडेल मेंढीत त्याची एक प्रत बिघडलेली असेल तर जुळी होतात. दोन्ही बिघडल्या तर पुटिका वाढतच नाहीत आणि मेंढी वांझ राहते. काही स्त्रियांची पाळी चाळिशीआधीच बंद होते, त्यांच्यापैकी काहींत याच जनुकात दोष सापडला आहे. तुमच्या आई किंवा बहिणीची पाळी अशी लवकर गेली असेल, तर ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.