ऑफिसहून आल्यावर तासाभरात क्रिमी चिकन-बेकन पास्ता कसा करावा? माझं क्रीम दर वेळी फुटतं, बेकन चिवट होतं आणि पास्त्याचा गोळा होतो. आम्ही कोल्हापुरात राहतो, घरात चौघं जेवायला असतो.

तुम्ही कोल्हापुरातच राहता आणि घरात चौघं जेवायला असतात असं लिहिलंय, म्हणून उत्तर आपल्या घरातल्या भाषेतच देतो. तुमच्या घरी पांढरा रस्सा होत असेल तर हा पास्ता तुम्हाला निम्मा येतोच. क्रीम फुटतं ते नारळाचं दूध फुटतं तसंच, आणि त्यावरचा उपायही आपल्या आज्ज्यांनी कधीच शोधून ठेवलाय.

मी शिरोली एमआयडीसीत नोकरीला आहे. सहाला सुटलो की तावडे हॉटेल चौकातली गर्दी पार करून राजारामपुरीत पोचायला पावणेसात होतात. आमच्याकडं सोमवार, गुरुवार, शनिवार वशाट, म्हणजे मांसाहार, नसतं, मंगळवार-शुक्रवार अंबाबाईचे वार. उरले बुधवार आणि रविवार. रविवारी मटण ठरलेलं, त्यामुळं पास्ता बुधवारी रात्री आणि तो माझ्याकडं. चार-पाच वर्षं करतोय. पहिले दोन-तीन वेळा माझंही क्रीम तुमच्यासारखंच दह्यागत झालं होतं.

आधी त्या फुटण्याचंच सांगतो, कारण बाकी चुका खपून जातात, ही खपत नाही.

टेट्रापॅकमधलं जे फ्रेश क्रीम आपण आणतो त्यात साधारण २५ टक्के फॅट असतं. परदेशातल्या कृतींमध्ये जे क्रीम घालतात त्यात ३५ टक्के किंवा जास्त. फॅट भरपूर असलं की क्रीम उकळी सोसतं. फॅट कमी असलं की दुधातली प्रथिनं आच लागताच एकमेकांना चिकटतात, त्यांच्या गुठळ्या होतात आणि पाणी वेगळं सुटतं. त्यात लिंबू, टोमॅटो, दही असं काही आंबट पडलं तर विचारूच नका. म्हणजे परदेशी व्हिडिओत बघून आपण आपलं क्रीम खळाखळा उकळतो, तिथंच घात होतो.

आता पांढरा रस्सा आठवा. माझी आज्जी आधी अळणीत, म्हणजे मटण-चिकन शिजवलेल्या पाण्यात, काजू, खसखस आणि तिळाचं वाटण शिजवून घ्यायची. नारळाचं घट्ट दूध सगळ्यात शेवटी. तेसुद्धा सरळ ओतायची नाही. आधी वाटीतल्या दुधात पळीभर गरम अळणी घालून ते कोमट करायची, मग धार धरून पातेल्यात, आच बारीक, पळी फिरती. कडेला वाफेचे बुडबुडे दिसले की गॅस बंद. उकळी फुटू द्यायची नाही. क्रीमला अगदी हेच करायचं. आणि ते वाटण रस्सा नुसता दाट करत नाही, तो एकजीवही ठेवतं. पास्त्यात ते काम पास्ता शिजवलेलं पाणी करतं. त्यात उतरलेला स्टार्च क्रीमला धरून ठेवतो. ते पाणी सिंकमध्ये ओतून देत असाल तर तुमची अर्धी अडचण तिथं आहे.

घरची साय वापरायची असेल तर एक गोष्ट नीट ऐका. आपल्याकडं म्हशीचं दूध, ६-७ टक्के फॅटचं, त्यावर येणारी साय टेट्रापॅकपेक्षा चवीला कितीतरी सरस. गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं दूध आणून तापवलं की दुसऱ्या दिवशी भाकरीसारखी साय निघते. पण ती एक-दोन दिवसांची ताजी हवी. लोण्यासाठी आठवडाभर डब्यात साठवलेली, विरजण लागलेली साय आंबट असते, ती हमखास फुटणार. ताज्या सायीत थोडं दूध घालून मिक्सरला फक्त दोन-तीन झटके द्या. जास्त फिरवलं तर लोणी निघतं.

चौघांसाठी माझं माप: पेने पास्ता ३०० ग्रॅम, बोनलेस चिकन ३५० ग्रॅम, बेकन १२० ग्रॅम, क्रीम २०० मिली, एक लहान कांदा, लसणाच्या सहा पाकळ्या, प्रोसेस्ड चीजचे दोन क्यूब, मिरी. चीज महागातलंच हवं असं नाही. क्यूबमध्ये ते नीट वितळावं म्हणून काही क्षार घातलेले असतात, त्यामुळं सॉस उलट जास्त मऊ आणि एकसारखा होतो. मी हे मुद्दाम, विचार करून सांगतोय. इथं क्यूबच चांगला.

पास्ता घेताना पाकिटावर ड्यूरम गहू लिहिलंय का बघा. आपल्याकडचा बन्सी गहू त्याच जातीचा, कडक दाण्याचा. मैद्याचा पास्ता दोन मिनिटं जास्त झाली की लगदा होतो आणि तुमचा गोळा बहुतेक त्याचाच आहे.

चिकनवाल्याला छातीचं न देता लेगचं बोनलेस काढून द्यायला सांगा, आणि हाडं टाकून न देता वेगळी बांधून घ्या. छातीचं मांस एक मिनिट जास्त झालं तरी कोरडं पडतं, लेगचं सांभाळून घेतं. गावठी कोंबडी यासाठी आणू नका. तिला तास-दीड तास शिजायला लागतं, ती रश्श्यालाच शोभते.

बेकन म्हणजे डुकराच्या पोटाकडचं, मिठात मुरवून धुरी दिलेलं मांस. मोठ्या दुकानांच्या फ्रोजन कपाटात मिळतं. मंगळवारी रात्री फ्रीजरमधून काढून खाली फ्रीजमध्ये ठेवा, बुधवारी संध्याकाळी सुटं झालेलं असतं. आमच्या आईला डुकराचं चालत नाही. तुमच्याकडंही कुणी असेल तर त्यांना विचारूनच करा, लपवून घालू नका. मी क्रम असा लावतो की आईचा वाटा बेकन कढईत पडायच्या आधीच वेगळा निघतो. ते पुढं येईलच.

घरी आल्या आल्या आधी एका शेगडीवर कुकर: चिकनची हाडं, दोन वाट्या पाणी, मीठ, आल्याचा तुकडा, तीन-चार शिट्ट्या. ही झाली अळणी. हळद घालू नका, सॉस पिवळा होतो. यातली अर्धी वाटी सॉसला लागते, उरलेली पोरांना वाटीतून प्यायला. हे पाकिटातल्या कुठल्याही सूप पावडरीपेक्षा चांगलं आणि यात आपला वेगळा वेळ जात नाही. चिकनचे सुपारीपेक्षा थोडे मोठे तुकडे करून स्वच्छ फडक्यानं कोरडे टिपा, मीठ-मिरी लावून ठेवा. टिपायचं विसरू नका. ओलं चिकन कढईत पाणी सोडतं आणि भाजायचं सोडून उकडत बसतं.

कुकर उतरला की त्या शेगडीवर पास्त्याचं पाणी, अडीच लिटर, त्यात एक टेबलस्पून मीठ. एरवी मी जास्त घालतो, पण बेकन आणि चीज दोन्ही खारट आणि हेच पाणी सॉसमध्ये जाणार, म्हणून हात आखडता. पाण्यात तेल घालायची गरज नाही. पास्ता टाकल्यावर पहिली दोन मिनिटं तो ढवळत राहिलात तर चिकटत नाही, चिकटायचा तो तेवढ्याच वेळात चिकटतो.

दुसऱ्या शेगडीवर जाड बुडाची पसरट कढई. चमचाभर लोणी, मोठ्या आचेवर चिकन एकाच थरात पसरा आणि तीन मिनिटं हात लावू नका. खालून तांबूस झालं की उलटा, अजून तीन-चार मिनिटं. एक मोठा तुकडा कापून बघा, आत गुलाबी नको, रस स्वच्छ हवा. थर्मामीटर असेल तर ७४ अंश. काढून ठेवा, आणि आईचा वाटा इथंच वेगळ्या वाटीत.

आता त्याच कढईत बेकन. तुमचं बेकन चिवट होतं कारण तुम्ही तापलेल्या तेलात टाकत असणार. कढई दोन मिनिटं खाली उतरवून थंड होऊ द्या, बेकन कात्रीनं बोटभर रुंदीचं कापून त्यात घाला आणि मग बारीक आच लावा. तेल नको. आधी पाणी सुटेल, फेस येईल, कारण मुरवताना त्यात मिठाचं पाणी भरलेलं असतं. बऱ्याच जणांना इथं वाटतं झालं आणि तिथंच बंद करतात. थांबा. पाणी आटलं की चरबी सुटायला लागते, आवाज बदलतो, चर्र असा बारीक येतो, आणि आठ-दहा मिनिटांत तुकडे स्वतःच्याच चरबीत कुरकुरीत होतात. कागदावर काढा. कढईत दीड चमचा चरबी ठेवून बाकीची वाटीत काढून ठेवा, सकाळी अंडी त्यात करता येतात.

त्या चरबीत बारीक कांदा, मऊ होईपर्यंत, लाल नको. मग लसूण अर्धा मिनिट. चिमूटभर ओवा चुरडून घाला. तिकडच्या कृतीत थाइम लिहिलेलं असतं, त्याचा आणि ओव्याचा वास एकाच द्रव्याचा आहे, थायमॉलचा. ओवा सगळ्या घरांत असतो, त्यासाठी बाटली विकत आणायला नको. आता अर्धी वाटी अळणी ओतून कढईच्या तळाला धरलेलं सगळं तांबूस उलथन्यानं खरवडून घ्या. चिकनची आणि बेकनची खरी चव त्या खरवडीत असते.

आईच्या वाट्याची सोय तिच्या वाटीतच: थोडं क्रीम कोमट अळणीत मिसळून त्या चिकनवर, वर पास्ता. धुराचा वास हवा असेल तर निखाऱ्यावर तुपाचा थेंब टाकून झाकणाखाली दोन मिनिटं धुंगार द्या. आईला तो असा आवडतो.

पास्ता पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी उचला. चावल्यावर मधे किंचित कडक लागला पाहिजे, राहिलेला तो सॉसमध्ये शिजतो. निथळायच्या आधी दोन वाट्या पाणी बाजूला काढा. निथळल्यावर थंड पाण्याखाली धरू नका, वरचा स्टार्च धुतला जातो आणि सॉस चिकटत नाही.

कढईची आच आता सगळ्यात बारीक. क्रीम अर्धा तास आधीच फ्रीजबाहेर काढलेलं असू द्या. त्यात दोन पळ्या पास्त्याचं गरम पाणी घालून ढवळा आणि मग ते कढईत. लगेच पास्ता आणि चिकन, अर्धी वाटी आणखी पाणी, आणि दोन मिनिटं खालवर हलवत राहा. कडेला बुडबुडे दिसले की गॅस बंद. चीज गॅस बंद केल्यावर किसून घाला, मिरी भरपूर, मीठ चाखून मगच. सॉस बासुंदीइतका पातळ दिसला पाहिजे. ताटात पडेपर्यंत तो आणखी दाट होतो. कढईतच पिठल्यासारखा झाला असेल तर पास्त्याचं पाणी आहेच. बेकन अगदी वाढताना वरून, आधी घातलं तर सॉसमध्ये मऊ पडतं.

यात कांदा-लसूण चटणी घालू नका. आपला हात त्या डब्याकडं जातोच, माझाही गेला होता. पण चटणी पडली की बेकनचा धूर आणि सायीचा गोडवा दोन्ही संपतात, आणि धड रस्सा नाही धड पास्ता नाही असं काहीतरी होतं. ज्याला तिखट हवं त्यानं ताटात बाजूला हिरव्या मिरचीचा ठेचा घ्यावा. आमचे वडील तसंच खातात.

कुणी सांगेल की इटलीत यात क्रीम घालत नाहीत. ते रोमच्या कार्बोनाराबद्दल बोलतायत. त्यात अंडी, मेंढीच्या दुधाचं चीज आणि डुकराच्या गालाचं मांस असतं, आणि तो वेगळा पदार्थ आहे.

एवढं करूनही फुटलंच तर घाबरू नका. कढई लगेच खाली उतरवा, पास्ता-चिकन झाऱ्यानं काढून घ्या, सॉस जरा निवू द्या आणि दोन चमचे थंड क्रीम आणि पास्त्याचं पाणी घालून मिक्सरला फिरवा. पूर्वीसारखा तुकतुकीत होत नाही, पण गुठळ्या मोडतात आणि जेवण होतं. ज्यांना अजिबात जोखीम नको त्यांनी पहिल्या वेळी कांद्यावर चमचाभर मैदा परतून, पेलाभर दूध घालून दाटवावं आणि क्रीम अर्धंच घालावं. मैद्यामुळं ते फुटत नाही. चव थोडी जड होते, म्हणून हात बसला की मैदा सोडून द्या.

सगळं मिळून मला पन्नास मिनिटं लागतात, तुम्हाला पहिल्यांदा सव्वा तास धरा. उरला तर सकाळी डब्याला देताना मायक्रोवेव्हमध्ये मोठ्या आचेवर ठेवू नका, तिथंही फुटतं. कढईत पाव वाटी दूध घालून झाकण ठेवून बारीक गॅसवर चार मिनिटं, मधे एकदा हलवून.